मुलाचा डोळा लाल आणि चिकट : थेंब लिहिण्याआधी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नुकतंच प्राथमिक आरोग्य सेवेत काम सुरू केलं आहे. लाल, चिकट, पू येणारे डोळे घेऊन मुलं सतत येतात. जिवाणूंचा संसर्ग धरून मी जवळपास सगळ्यांना अँटिबायोटिक थेंब देतो. हे योग्य आहे का? कोणते थेंब आधी वापरावेत आणि नेत्रतज्ज्ञांकडे कुणाला पाठवावं?"

मूल महिन्याभरापेक्षा मोठं असेल, खेळतंय-खातंय, उजेडात डोळा उघडतंय, नुसती लाली आणि चिपडं आहेत, तर थेंब दिले काय आणि न दिले काय, बहुतेक डोळे आठवडाभरात निवळतात. ज्या मुलांचा डोळा जाऊ शकतो ती वेगळी असतात. अडचण एवढीच की पहिल्या दिवशी दुरून पाहिलं तर तीही अशीच दिसतात. म्हणून कोणता थेंब, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेतो. आधी ही थोडी मुलं गर्दीतून वेगळी काढायची.

सुरुवात वयापासून करा, आणि बाळ लहान असेल तर वय दिवसांत विचारा. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत लाल होऊन पू येणारा डोळा हे वेगळं प्रकरण आहे. थेंब देऊन घरी पाठवायचं नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पापण्या टम्म सुजल्या आहेत, पू पुसला की पुन्हा भरून येतोय, असं दिसलं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत गोनोकोकस, म्हणजे परम्याचा जिवाणू, समजून चाला. बाकीच्या बऱ्याच जिवाणूंना आत शिरायला कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, आधी ओरखडा लागतो. याला लागत नाही. एखाद-दोन दिवसांत कॉर्नियाला छिद्र पडू शकतं. उपचार म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन, वजनाच्या दर किलोला २५ ते ५० मिलिग्रॅम, आणि सलाइनने डोळा पुन्हा पुन्हा धुणं. नुसत्या थेंबांचा इथे उपयोग नाही. बाळाला कावीळ असेल किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन टाळून सेफोटॅक्सिम देतात. हे रुग्णालयाचं काम आहे. तुम्ही नमुना घेता आला तर घ्या, डोळा सलाइनने धुवा आणि बाळाला लगेच पाठवा. नमुन्याच्या अहवालासाठी थांबू नका.

कार्ल क्रेडे यांनी लाइपझिगच्या प्रसूतिगृहात जन्मतः बाळाच्या डोळ्यांत दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि १८८१ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. तिथलं नवजात बाळांच्या डोळ्यांच्या संसर्गाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याच्या खाली आलं. त्यामुळे हा आजार पुस्तकातलाच उरला आहे असं बऱ्याच तरुण डॉक्टरांना वाटतं. तो कमी झाला, संपलेला नाही.

पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान येणारा क्लॅमिडिया, हाही आईकडून येणारा जिवाणू, जास्त फसवा. पू बेताचा, सूज बेताची. थेंब दिले की थोडं बरं वाटतं आणि सगळे निश्चिंत होतात. जंतू मात्र नाका-घशात तसाच राहतो. एक ते तीन महिन्यांचं झाल्यावर त्यातल्या काही बाळांना न्यूमोनिया होतो: ताप नाही, पण ठसका लागल्यासारखा तुटक खोकला आणि जलद श्वास. म्हणून इथे औषध तोंडानेच द्यायचं. एरिथ्रोमायसिन दिवसाला दर किलोला ५० मिलिग्रॅम, चार भागांत, १४ दिवस. किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन दर किलोला २० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. पहिल्या काही आठवड्यांत या गटातल्या औषधांनी जठराचं तोंड आवळण्याचा धोका थोडा वाढतो. दूध पिल्यावर जोरात, लांब उडणारी उलटी झाली तर लगेच या, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. गोनोकोकस असो की क्लॅमिडिया, आईवर आणि तिच्या जोडीदारावर उपचार झाल्याशिवाय काम पुरं होत नाही. हे बोलणं नातेवाइकांच्या घोळक्यात नको. आईला बाजूला घ्या, हा संसर्ग प्रसूतीच्या वाटेत बाळाला लागतो आणि आईला कित्येकदा एकही लक्षण नसतं, हे आधी सांगा, मग पुढचं. आणि पापणीवर किंवा अंगावर पाण्याचे बारीक फोड दिसले, तर नागीण गटातला हर्पिस विषाणू मनात धरून बाळ त्याच क्षणी रुग्णालयात.

याच वयातला दुसरा डोळा मात्र अगदी निरुपद्रवी, आणि बाह्यरुग्ण विभागात तोच जास्त दिसतो. एक डोळा सतत पाणावलेला, सकाळी चिपडांनी चिकटलेला, पण आतला पांढरा भाग पांढराशुभ्र. ही अश्रुनलिका न उघडल्याची खूण. चिकट-पांढरा डोळा आणि चिकट-लाल डोळा यांतला फरक कळला की निम्मे थेंब आपोआप वाचतात. नलिका बहुतेक बाळांची, दहापैकी नऊ जणांची म्हणा, वर्षाच्या आत आपसूक उघडते. तोवर आईला मालिश शिकवा: हात धुऊन, नखं कापून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यालगत नाकाच्या हाडावर बोट टेकवायचं आणि दाबून खाली सरकवायचं. पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं वरवर चोळून काही होत नाही. अश्रूंच्या पिशवीतला द्राव खाली रेटला जाऊन त्या दाबाने नलिकेच्या टोकाचा बंद पडदा फुटावा, हा त्यामागचा हेतू. माझ्यासमोर आईने एकदा करून दाखवल्याशिवाय मी तिला सोडत नाही. थेंब डोळा लाल झाला तरच. वर्ष उलटूनही पाणी येत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे. नवजात बाळाच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ असेल, किंवा तिथे लाल, गरम, दुखरी सूज आली असेल तर मालिश करू नका, त्याच दिवशी पाठवा. ही गाठ नाकातही उतरलेली असू शकते आणि इतक्या लहान बाळाचा श्वास मुख्यतः नाकावरच चालतो.

पाणावलेल्या डोळ्यामागे जन्मजात काचबिंदूही असतो. दुर्मीळ, पण चुकवून चालत नाही. बाळ उजेडाला तोंड फिरवतं, पापण्या घट्ट मिटून घेतं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं. "किती मोठे डोळे आहेत!" म्हणून घरचे कौतुक करत असतात. पहिल्या वर्षात कॉर्नियाचा व्यास १२ मिलिमीटरच्या वर असेल तर थांबू नका.

आता तुमच्या रोजच्या मुलांकडे येतो. मोठ्यांमध्ये डोळे येतात ते बहुतांशी विषाणूंमुळे; मुलांमध्ये जिवाणूंचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. हिमोफिलस इन्फ्लुएंझा, न्यूमोकोकस आणि मोराक्सेला हे नेहमीचे तिघे, त्यांच्या मागोमाग स्टॅफिलोकोकस. शाळेत जाण्याआधीचं वय, सकाळी पापण्या चिकटलेल्या, दाट पिवळट पू, खाज नाही: जिवाणू. पाण्यासारखा स्राव, घसा दुखतोय, कानापुढे गाठ लागतेय, घरात आणखी कुणाचे डोळे आलेत: बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस. दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज, मूल सारखं चोळतंय, नाकही वाहतंय: अ‍ॅलर्जी. या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि नुसत्या पाहण्यावरून छातीठोक सांगणाऱ्या डॉक्टरवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

पण जिवाणू आहे म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. ऑक्सफर्डच्या एका गटाने प्राथमिक सेवेतच केलेला आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास पाहा. सहा महिने ते बारा वर्षांची तीनशेहून अधिक मुलं. निम्म्यांना क्लोरॅम्फेनिकॉल, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. सातव्या दिवशी औषधवाली ८६ टक्के मुलं बरी होती आणि बिनऔषधाची ८३ टक्के. फिनलंडमधल्या २०२२ च्या लहानशा अभ्यासात मॉक्सिफ्लॉक्सासिन घेतलेली मुलं सरासरी ३.८ दिवसांत बरी झाली, औषध नसलेले थेंब घातलेली ४ दिवसांत आणि काहीच न घातलेली ५.७ दिवसांत. मला यातला मधला आकडा सर्वांत बोलका वाटतो. फायद्याचा बराचसा भाग डोळा ओला राहण्याचा, धुतला जाण्याचा दिसतो.

म्हणून माझी पद्धत अशी. सौम्य किंवा मध्यम त्रास असलेल्या मुलाला डोळा स्वच्छ ठेवायला सांगायचं: उकळून कोमट केलेलं पाणी, दर पुसणीला नवा कापूस, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नाही. तीन दिवसांत उतार नाही किंवा मध्येच वाढलं तर थेंब सुरू. परत येणं सोपं नसेल तर थेंबांची चिठ्ठी आधीच हातात देऊन ती कधी वापरायची ते सांगतो. लगेच थेंब देतो ते पू सतत ओघळत असेल, मूल अगदी लहान असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, किंवा पुढे कुणी बघणारच नाही अशी परिस्थिती असेल तेव्हा. रात्रभर जागलेल्या पालकांना दोन दिवस लवकर उतार मिळावा, हेही कारण मला पटतं. पण ते कारण आहे हे स्वतःला कबूल करून लिहावं.

थेंब कोणता? जो स्वस्त, साधा आणि पालकांना घालता येईल तो. क्लोरॅम्फेनिकॉल अर्धा टक्का: पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी एक थेंब, मग दिवसातून चार वेळा, एकूण पाच दिवस. थेंबांतून रक्तपेशी घटण्याची भीती घातली जाते. तशा घटना इतक्या विरळ आहेत की त्यावर वाद चालू आहे, तरी घरात कुणाला तसा आजार झाला असेल तर मी दुसरा थेंब निवडतो. दोन-दोन तासांनी घालणं जमणार नसेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन थेंब दीड टक्का, दिवसातून दोनदा, तीन दिवस. फ्युसिडिक आम्लाचं जेलसारखं औषधही दिवसातून दोनदा पुरतं. तान्ह्या बाळाला मलम बरं, रडण्यात धुऊन जात नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे फ्लुरोक्विनोलोन पहिल्याच दिवशी नको. ते कॉर्नियाच्या संसर्गासाठी राखून ठेवा. हल्ली साध्या चिपडांना सर्रास तेच लिहिलं जातं, आणि मला ते खटकतं.

लिहिलेला थेंब डोळ्यात पोचला का, हे फार कमी जण विचारतात. दोन जणांनी धरायचं, तिसऱ्याने पापणी ताणायची, मूल किंचाळतंय, असं एकदा झालं की दुसऱ्या दिवसापासून बाटली फडताळात. त्यापेक्षा मुलाला उताणं झोपवा, डोळे मिटू द्या, आतल्या कोपऱ्याच्या खळग्यात एक थेंब ठेवा आणि डोळे उघडायला सांगा. थेंब आपला आत उतरतो. एकच थेंब, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, उरलेलं गालावर. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, आणि मलम नेहमी शेवटी. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, एक बाटली दोन भावंडांत वाटायची नाही, उघडून चार आठवडे झाले की फेकायची.

स्टेरॉइडबद्दल मी कडक आहे. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली प्राथमिक सेवेत लाल डोळ्याला देऊ नये, कितीही सौम्य वाटली तरी. लाली दोन दिवसांत उतरते, सगळे खूश होतात, आणि लालीखाली हर्पिसचा व्रण असेल तर तो पसरत जातो. घरचे पुढच्या वेळी तीच बाटली स्वतःहून घालतात. महिनोन्महिने घातली तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. बधिर करणारे थेंबही तपासणीपुरते. घरी कधीच नाही.

डोळ्याबरोबर कान पाहा. चिकट डोळा आणि कानदुखी किंवा ताप एकत्र असेल तर बहुधा हिमोफिलसच दोन्हीकडे असतो. अशा वेळी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तोंडाने द्या. त्यानेच डोळाही बरा होतो, थेंब वेगळे लागत नाहीत. हिमोफिलसच्या बऱ्याच जाती साध्या अमॉक्सिसिलिनला दाद देत नाहीत.

पापणीची सूज हा पुढचा फाटा, आणि तुम्हाला रात्रीची झोप उडवायची असेल तर ती इथे उडावी. पापणीच्या कडेला एकच दुखरी पुटकुळी, म्हणजे रांजणवाडी: ऊनऊन ओल्या फडक्याचा शेक दहा मिनिटं, दिवसातून चारेक वेळा, पिळायची नाही, अँटिबायोटिक नाही. पण सगळी पापणी लाल, सुजलेली, गरम असेल तर एकच गोष्ट ठरवायची असते: संसर्ग पापणीपुरता आहे की डोळ्यामागच्या खोबणीत गेला आहे. पापणी कितीही सुजलेली असो, बोटांनी हलकेच उघडा आणि डोळा पाहा. डोळा पांढरा, सगळ्या दिशांना बिनदुखता फिरतोय, नजर नीट, बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आकसतात: संसर्ग पापणीपुरता. मूल वर्षापेक्षा मोठं आणि एरवी ठीक असेल तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तोंडाने, आणि २४ तासांत पुन्हा तपासणी. डोळा पुढे आलेला, फिरवताना दुखतोय किंवा फिरत नाही, दोन-दोन दिसतंय, नजर मंदावली, रंग फिके दिसतात, यांतलं एकही असेल तर ऑर्बिटल सेल्युलायटिस. तो बहुधा नाकाशेजारच्या सायनसमधून येतो. मधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. दृष्टी तर जाऊ शकतेच, पण संसर्ग मेंदूपर्यंतही पोचू शकतो. शिरेतून अँटिबायोटिक, सीटी स्कॅन, नेत्रतज्ज्ञ आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ, सगळं त्याच दिवशी. पापणी उघडून डोळा बघताच आला नाही, तरीही पाठवा. न दिसलेला डोळा ठीक धरायचा नाही.

मोठ्या मुलात मी पाठवायची कारणं अशी धरतो: खरं दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, बाहुल्या असमान, मार लागलेला किंवा काही उडालेलं. मूल बोलत नसेल तर अंधारलेल्या खोलीत बारीक उजेड दाखवा. घट्ट मिटून घेतलेला डोळा पुरेसं सांगतो. फ्लुरोसिन या रंगाची पट्टी आणि निळा उजेड जवळ ठेवा. खर्च नगण्य, आणि झाडाच्या फांद्यांसारखा हर्पिसचा व्रण त्यातच दिसतो. एकाच डोळ्याची लाली अचानक आली असेल तर वरची पापणी उलटून कण शोधा. शाळकरी मुलंही हल्ली कॉन्टॅक्ट लेन्स घालतात, काही जण चष्म्याचा नंबर रोखायला रात्री घालतात. लेन्सवाल्या मुलाचा लाल, दुखरा डोळा म्हणजे कॉर्नियाला स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग असू शकतो. लेन्स काढून डबीसकट बरोबर द्यायची आणि त्याच दिवशी पाठवायचं.

ताप पाच दिवसांचा, दोन्ही डोळे लाल पण चिपडं अजिबात नाहीत, ओठ लाल आणि फुटलेले: हा डोळ्याचा आजारच नाही, रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या कावासाकी आजाराचा विचार करा. लाल डोळे गोवरातही असतात; गोवराच्या मुलाला अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दोन दिवस द्यायची असते, वर्षाच्या पुढे रोज दोन लाख युनिट आणि सहा ते अकरा महिन्यांना एक लाख. ती राहिली तर कॉर्निया गळून जाऊ शकतो.

नवजात, पूचा लोंढा, न हटणारा संसर्ग किंवा कमी प्रतिकारशक्ती, एवढ्यांचाच नमुना प्रयोगशाळेत पाठवा. मोठ्या मुलात भरपूर पू आणि नमुन्यात ग्रॅम-निगेटिव्ह जोडगोळ्या (जोडीने दिसणारे गोल जिवाणू) सापडल्या तर गोनोकोकसइतकाच मेंदूज्वराचा मेनिंगोकोकसही शक्य असतो. दोन्हींत औषध इंजेक्शनने लागतं. आणि नवजात वयानंतरच्या लहान मुलात गोनोकोकस निघालाच तर लैंगिक अत्याचाराची शक्यता नियमानुसार तपासावी लागते.

शाळेबद्दल पालक हमखास विचारतात. मूल ठीक असेल आणि हात धूत असेल, तर जिवाणूंच्या साध्या संसर्गासाठी घरी बसवायची गरज मला वाटत नाही. टॉवेल आणि उशी वेगळी, एवढं पाळा.

थेंब सुरू करूनही तीन दिवसांत फरक नाही, तर थेंब बदलण्याआधी डोळा पुन्हा नीट बघा. पापण्यांची कातडी लाल, खरखरीत झाली असेल तर थेंबांचीच अ‍ॅलर्जी असते, विशेषतः निओमायसिनची. सगळं बंद करा, बरं वाटेल. आणि आठवडेच्या आठवडे एकच डोळा लाल राहतोय, चार प्रकारचे थेंब होऊन गेलेत, असं मूल आलं तर भिंग घेऊन पापणीच्या कडा तपासा. केसांच्या मुळाशी मोत्यासारखी, मध्ये खळगा असलेली बारीक पुटकुळी सापडते. ती मोलस्कम विषाणूची; नेत्रतज्ज्ञांनी ती काढली की डोळा कुठल्याही थेंबाशिवाय निवळतो.